पट वाढवायचा, पण कोणाकोणाच्या मुलांनी?

पत्र

आमची आठवी ते दहावीची छोटी मराठी माध्यमाची शाळा दापोली तालुक्यात, समुद्रापासून दीड किलोमीटरवर आहे. बोर्डाची मान्यता आहे, पण शाळा स्वयंअर्थसहाय्यित. प्रकल्प, शेती, सुतारकाम, किनाऱ्याचा अभ्यास असं करत शिकवतो. जागा ६०, पट ३४, त्यात मुली ११. बहुतेक मुलं प्राध्यापक, डॉक्टर, रिसॉर्टवाले आणि पुण्या-मुंबईहून परतलेल्या कुटुंबांची. बंदरावरून, मोहल्ल्यातून, कातकरी वाडीतून कोणी येत नाही. फी वर्षाला १८,००० रुपये. सवलत आहे, पण कोणी मागत नाही. गेल्या वर्षी बंदरावरची तीन मुलं आली, दिवाळीच्या आत दोन सोडून गेली. एक विश्वस्त म्हणतात, फेसबुकवर जाहिरात करा, पट आपोआप भरेल. दुसरे म्हणतात, पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून मुलं घ्या. तिसरे म्हणतात, बोर्ड सोडून मुक्त विद्यालयाकडे जाऊ. आम्हाला पट हवाय, पण गावासारखी दिसणारी शाळाही हवी आहे. सुरुवात कुठून करू?

— मुख्याध्यापिका, दापोली तालुका

उत्तर

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य बंदरावरच्या तीन मुलांचं आहे. तीन आली, दोन गेली. आधी ती का गेली याचा छडा लावा. नवीन मुलांची मोहीम त्यानंतर. नाहीतर पुढच्या जूनमध्ये सहा येतील, त्यातली चार जातील आणि "त्या शाळेत आपल्या पोरांचं जमत नाही" ही गोष्ट बंदरावर कायमची पक्की होईल. एकदा ती पक्की झाली की पाच वर्षं कोणी फिरकत नाही.

दोघांच्या घरी स्वतः जा. "का सोडली?" असं विचारलंत तर "घरी काम होतं" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी जून ते दिवाळी काय काय झालं ते क्रमाने विचारा: पहिल्या दिवशी कोणाजवळ बसला, डबा कोणाबरोबर खाल्ला, शाळेने घरून काय काय आणायला सांगितलं, कोणत्या दिवशी पहिल्यांदा "जात नाही" म्हणाला. कारण बहुधा त्यातच सापडतं.

छोट्या प्रयोगशील शाळांत हे का होतं त्याची कारणं ठराविक असतात. पहिलं, मूल वर्गात एकटं पडतं. बारा जणांच्या वर्गात अकरा जण एकमेकांच्या वाढदिवसाला जाणारे आणि एक बंदरावरचा, असं असेल तर शिक्षक कितीही प्रेमळ असोत, ते मूल टिकत नाही. म्हणून एका वाडीतून एकटं मूल घेऊच नका. किमान तिघं एका वेळी, एकाच वर्गात किंवा लागून असलेल्या वर्गात, आणि त्यात शक्यतो दोन मुली. तिघं नसतील तर तिघं होईपर्यंत त्या वाडीत काम करत राहा. कोणी एकटं मूल स्वतःहून दारात आलं तर त्याला परत पाठवायचं नाही, अर्थात. पण त्याच आठवड्यात त्याच्या वाडीत दुसऱ्या-तिसऱ्याच्या घरी जाऊन या.

दुसरं कारण, फीबाहेरचा खर्च. प्रकल्पाची शाळा म्हटली की कार्डबोर्ड, रंग, प्रिंट, सहल, "उद्या येताना अर्धा किलो नाचणीचं पीठ". एकेक गोष्ट चाळीस-पन्नास रुपयांची, पण महिन्याला तीन-चारशे सहज होतात, आणि ते मागायला मुलाला घरी लाज वाटते. नियमच करा की घरून डबा, पाण्याची बाटली आणि वही याखेरीज काहीही मागवायचं नाही. बाकी सगळं शाळेच्या कपाटातून.

तिसरं, डबा. तुमच्याकडे "डब्यात मासे-मटण नको" असा लिखित किंवा अलिखित नियम आहे का ते प्रामाणिकपणे तपासा. बंदरावरच्या घरात सकाळी जे असतं तेच डब्यात येणार: सुका जवळा, बांगड्याचं तिखलं, भाकरी. त्याच्या वासावरून कोणी नाक मुरडलं की पुढच्या दिवसापासून ते मूल डबा आणणं बंद करतं, आणि त्यानंतर शाळेत येणं. नियम असेल तर काढा. शिक्षकांनी मुलांबरोबर पंगतीत बसावं आणि नाक मुरडणाऱ्याला तिथल्या तिथे, शांतपणे पण स्पष्ट शब्दांत थांबवावं.

चौथं कारण तुम्हाला कदाचित बोचेल. कोकण विभाग दहावीच्या निकालात राज्यात वर्षानुवर्षं पहिला येतो. इथल्या गरिबातल्या गरीब पालकालाही टक्के कळतात, आणि पोराच्या वहीत तांबड्या शाईचे मार्क दिसले नाहीत की त्याला वाटतं, शाळेत नुसता खेळ चाललाय. प्राध्यापकाच्या घरी ही भीती नसते; पोराचं काही अडलं तर घरात शिकवणारं माणूस असतं. तेव्हा तुमची पद्धत बदलू नका, पण दर महिन्याला गणित, विज्ञान आणि इंग्रजीचा वीस-वीस मार्कांचा पेपर घ्या, तपासलेला पेपर घरी पाठवा आणि गेल्या तीन बॅचची मुलं दहावीनंतर कुठे गेली (कॉलेज, आयटीआय, पदविका, नर्सिंग) हे साध्या कागदावर लिहून भिंतीवर लावा. नावं नकोत, नुसते आकडे पुरेत.

आता कोट्याविषयी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १२(१)(ग) मधले दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठीचे पंचवीस टक्के प्रवेश पहिलीला किंवा पूर्वप्राथमिकला असतात. तुमची शाळा आठवीपासून सुरू होते, म्हणजे या वाटेने तुम्हाला ना मुलं मिळतील, ना शासनाकडून प्रतिपूर्ती. पण म्हणून कायदा तुम्हाला लागू नाही असं समजू नका. सहा ते चौदा वयाच्या मुलाला, म्हणजे तुमच्या आठवीच्या जवळजवळ सगळ्या मुलांना, बाकीची कलमं लागू आहेत. कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी २५,००० आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ प्रमाणे सत्र सुरू झाल्यानंतर आलेल्या मुलालाही घ्यावं लागतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी मुलाला बाहेर ठेवायचं नाही, ही कलम ५ मधली तरतूद विनाअनुदानित शाळेला बांधत नाही, पण तुम्हीही ती पाळा.

पालकांची मुलाखत आणि "आपल्या पाल्याच्या शिक्षणाविषयी आपली भूमिका ३०० शब्दांत लिहा" असला फॉर्म बऱ्याच छोट्या शाळांत असतो. हेतू चांगला असतो: आपल्या विचारांचे पालक मिळावेत. पण आठवीच्या प्रवेशाला तो कायद्यात बसत नाही. आणि बसला असता तरी त्याने जे काम केलं असतं तेच तुम्हाला आज खुपतंय. मासळी विकणारी आई तो कागद हातात घेते, उलटसुलट बघते, "भाऊ आला की भरून आणते" म्हणते आणि परत येत नाही. तुमच्या वहीत याची नोंद "चौकशी केली, पुढे प्रतिसाद नाही" अशी होते.

फॉर्म एक पानाचा करा आणि तो शाळेच्या माणसाने भरायचा, पालकांच्या ओटीवर बसून. मुलाचं नाव आणि वय, आधीची शाळा, घरापासून यायची वाट आणि पावसात त्या वाटेचं काय होतं, वर्षातल्या कोणत्या महिन्यांत घरातलं कोण बाहेरगावी असतं, कोणाच्या फोनवर निरोप द्यायचा. एवढं पुरे. वाटेचा प्रश्न विसरू नका. मधल्या ओढ्यावरचा साकव जुलैत पाण्याखाली जातो हे आधी कळलं, तर त्या दिवसांची सोय जूनमध्येच ठरवता येते.

जनरल रजिस्टरमधल्या जातीच्या रकान्याबद्दल मात्र फार जपून. आधीच्या दाखल्यावर जे आणि जसं लिहिलं आहे तसंच, अक्षर न बदलता उतरवा. बंदरावरची म्हणून सरसकट "कोळी" लिहू नका. इथे खारवी, भोई, गाबीत, कोळी वेगवेगळे आहेत आणि महादेव कोळी ही नोंद वेगळीच. तुमच्या दाखल्यावरचा हा एक शब्द पुढे जातपडताळणीत पुरावा म्हणून निघतो आणि दुरुस्ती करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीपर्यंत खेटे घालावे लागतात. दाखला आलेलाच नसेल तर रकाना रिकामा ठेवा आणि दाखला आल्यावर भरा.

पैशाचं बघू. सवलत कोणी मागत नाही, कारण ती मागावी लागते. उत्पन्नाचा दाखला काढा, अर्ज लिहा, समितीपुढे बसा, आणि समितीत तोच रिसॉर्टवाला असतो ज्याच्याकडे आपली बहीण कामाला जाते. हे सगळं काढून टाका. फीचे तीन टप्पे छापा: महिन्याला २००, ७०० आणि १,५०० रुपये. कोणता टप्पा घ्यायचा ते कुटुंबाने ठरवायचं, कागद मागायचा नाही. शेजारी शाळेला एका मुलामागे खरोखर किती खर्च येतो तोही आकडा छापा. ज्यांना परवडतं त्यातले बहुतेक जण तो आकडा बघून वरचा टप्पा घेतात. एखाददुसरा घेणार नाही. त्याला खालचा टप्पा घेऊ द्या.

एक काळजी घ्या. वरचा टप्पा म्हणजे शुल्क विनियमन कायद्याखाली तुमच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेली फी. त्याच्यावर एक रुपयाही फी म्हणून घेता येत नाही. कोणाला जास्त द्यायचं असेल तर ती देणगी, वेगळ्या पावतीवर आणि प्रवेशाशी तिचा काडीचाही संबंध नसलेली. प्रवेशाच्या वेळी देणगीचा विषय काढला तर ते कॅपिटेशन फीमध्ये (प्रवेशासाठी ठरलेल्या फीबाहेर घेतलेल्या पैशात) मोडतं आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत जातो.

विश्वस्त म्हणतील, २०० रुपयांत कसं भागेल? त्यांना हा हिशोब दाखवा. वर्ग तेच, शिक्षक तेच, वीज तीच. तुमच्याकडे २६ जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे वाढलेल्या मुलाचा खर्च सरासरी खर्चाइतका नसतो. दुपारचं जेवण २५ रुपयांप्रमाणे २०० दिवसांचे ५,०००, पुस्तकं आणि साहित्य १,५००, प्रवासाची मदत २,५००, झाले ९,०००. त्या कुटुंबाकडून वर्षाला २,४०० आले तर शाळेवर पडतात ६,६००. अशी सहा मुलं घेतली तर वर्षाला ३९,६०० रुपये. एवढी रक्कम उभी करणं आणि "सहा मुलांच्या १८,००० प्रमाणे एक लाख आठ हजार बुडाले" असं म्हणणं, यात फार फरक आहे. आकडे तुमच्या बाजारभावाने बदलून घ्या, पण मांडणी हीच ठेवा. वर्ग भरून नवी तुकडी किंवा नवा शिक्षक लागेपर्यंतच हा हिशोब चालतो, हेही त्यांना सांगा.

जेवण आम्ही मुद्दाम धरलं आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पोषण आहार मिळतो, पाठ्यपुस्तकंही मोफत मिळतात. तुमच्याकडे आलं की दोन्ही जातं. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीचंही तसंच. तिची परीक्षा आठवीत असते, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच आहे. हुशार आणि गरीब मुलाला आठवीत तुमच्याकडे ओढताना त्याच्या घरी हे सांगायलाच हवं. लपवलंत आणि नंतर शेजारणीकडून कळलं, तर त्यांनी तुमच्यावर विश्वास का ठेवावा? सांगितल्यावर काही जण येणार नाहीत. त्यांचा निर्णय बरोबर असू शकतो.

फी कधी मागायची हे रकमेइतकंच महत्त्वाचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. शाळा उघडते जूनच्या मध्यावर, म्हणजे बंदरावरच्या घरात पैसा येणं नुकतंच थांबलेलं असतं, वर जाळी आणि इंजिनाची दुरुस्ती डोक्यावर. त्याच आठवड्यात पहिला हप्ता मागणारी शाळा बंदरावरची मुलं नको असल्यासारखी वागते, मग फलकावर काहीही लिहिलेलं असो. जून ते ऑगस्ट काही मागू नका. ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी असे तीन हप्ते ठेवा. ज्यांची मजुरी आंब्याच्या हंगामावर आहे त्यांना मे महिना द्या. आणि फीची आठवण मुलाकडून कधीच पाठवायची नाही. ते काम एका माणसाचं, तोही वर्गशिक्षक नसलेला.

घरोघर कधी जायचं तेही याच वर्षचक्रात बसवा. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा सातवीपर्यंत आहेत, निकाल १ मेच्या सुमारास लागतो आणि त्यानंतर पुढची शाळा ठरते. तुम्ही मे अखेरीस जाहिरात काढलीत तर उशीर झालेला असतो. डिसेंबर-जानेवारीत आसपासच्या पाच-सहा शाळांच्या सातवीला दोन दिवस तुमच्याकडे बोलवा, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आणि केंद्रप्रमुखांना कळवून. मुलांना हाताने काही करू द्या: सुतारकामाच्या बाकावर एक पाट, नाहीतर भरती-ओहोटीची नोंद. भाषणं नकोत.

इथल्या कितीतरी घरांत मूल आजी-आजोबांकडे असतं आणि बाप मुंबईत. "शाळा कुठली" हा निर्णय आजीच्या हातात नसतो. तो बाप गणपतीत आणि शिमग्याला गावात भेटतो. गौरी-गणपती विसर्जनानंतरचे दोन-तीन दिवस आणि पालखी घरोघर फिरते ते दिवस, ही तुमची पालकभेटीची खरी वेळ. बंदरावर मात्र मे अखेरीस जा, होड्या किनाऱ्याला घेतल्या की पुरुषमाणसं जाळी शिवत बसलेली भेटतात. बैठक शाळेत बोलवू नका. मच्छीमार सोसायटीच्या ओटीवर घ्या.

मोहल्ल्यात वेगळं. तिथल्या काही मुलांची सातवीपर्यंतची शाळा उर्दू माध्यमाची असते. ती घरी कोकणी बोलतात, मराठी समजतात, पण देवनागरी झरझर वाचता येत नाही. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकापुढे ते मूल मठ्ठ ठरतं. अडचण फक्त लिपीच्या सरावाची असते. रोज पाऊण तास, सलग तीन-चार महिने मोठ्याने वाचन आणि श्रुतलेखन घ्या, आणि तोवर विज्ञान-इतिहासाच्या चाचण्या तोंडी. शुक्रवारी दुपारच्या नमाजासाठी मधली सुट्टी थोडी पुढे-मागे करा, रमजानमध्ये मैदानी खेळ सकाळी घ्या, गणवेशाच्या रंगाचा स्कार्फ चालेल हे माहितीपत्रकातच लिहा. मागितल्यावर दिलेली परवानगी आणि आधीच छापलेली सोय, दोन्हींतला फरक घरच्या बायकांना लगेच कळतो. वडील आखातात असतील तर निर्णय आईचा असतो. तिला भेटायला शिक्षिकेने जावं.

कातकरी वाडीला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागेल. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेव्हा तुमच्या शाळेचं पहिलं सत्रच त्यांच्या वाट्याला येतं. मूल आजीकडे राहू शकेल का हे सप्टेंबरातच बोला, नोव्हेंबरात बोलून उपयोग नसतो. राहणार असेल तर संध्याकाळचं जेवण आणि अभ्यासाची जागा शाळेने बघावी. जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून बरोबर द्या, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येईल, आणि परत आल्यावर काहीही न विचारता वर्गात घ्या. नाव पटावरून काढू नका. शाळा कधीच न पाहिलेलं किंवा चौथीत सुटलेलं तेरा वर्षांचं मूल आलं, तर कायद्याप्रमाणे ते वयानुरूप वर्गात बसतं आणि त्याला किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. ते रोज दोन तास, पाच-सहा मुलांच्या गटात घ्या. आधार नाही, जन्मनोंद नाही ही इथे नेहमीची गोष्ट आहे. प्रवेश आधी, कागद मागाहून. कागद काढून देण्यासाठी ग्रामसेवकाकडे आणि तहसीलला शाळेचा माणूस बरोबर गेला पाहिजे.

शाळा मुलांकडे नेण्याचं काम याच किनारपट्टीवर होऊन गेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. अंगणवाडी ही कल्पनाही त्यांचीच. तुमच्या विश्वस्तांना हे ऐकवा. आपण काही जगावेगळं करतोय असं त्यांना वाटायला नको.

आंब्याच्या बागांतल्या नेपाळी कुटुंबांचा तुम्ही उल्लेख केला नाही, पण ती तुमच्या परिसरात असणार. मूल इथे वाढलेलं असेल तर मराठी उत्तम बोलतं. दाखल्याचीच पंचाईत होते, आणि तिथे कलम १४ आणि दाखल्यासाठी न अडवण्याचा वरचा नियम कामाला येतो.

चौतिसात अकरा मुली हा आकडा वेगळा सुधारावा लागेल. आई पहाटे लिलावाला गेली की धाकट्या भावंडांचं मुलगीच बघते. शाळा साडेसातला भरत असेल तर ती येऊ शकत नाही. सव्वादहाची करून बघा. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे आणि मुलग्यांना भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. पासासाठी शाळेचं प्रमाणपत्र लागतं. जूनच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची यादी एकत्र आगारात द्या आणि परतीच्या गाडीची वेळ बघून शाळा सोडा. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी, पाणी आणि झाकणाचा डबा असलाच पाहिजे. आई शाळा बघायला आली की आधी तेच बघते.

शेजारच्या शाळांशी वैर येईल, त्याची तयारी ठेवा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. मुलंच कमी आहेत. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे शासनाच्या पदमंजुरीत, पटावरून ठरतात. तुम्ही नेलेल्या चार मुलांमुळे तिथला एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. म्हणून चालू वर्षात, आणि नववी-दहावीला, दुसऱ्या शाळेतली मुलं स्वतःहून बोलवायला जाऊ नका. सातवीनंतर घरी बसणारी मुलं शोधा. जिल्हा परिषदेचे शिक्षकच तुम्हाला नावं सांगतील, तुम्ही त्यांच्या पटावर डोळा ठेवून नाही हे दिसलं तर.

आत्ताचे पालक "पातळी घसरेल" म्हणतील. त्यांना बैठकीत उत्तर देत बसू नका, पेपर दाखवा: दर महिन्याच्या चाचण्यांचे वर्गाचे आकडे. आणि नव्या मुलांचे फोटो देणगीच्या पत्रकावर छापू नका. ते पत्रक वाडीत पोचतंच. व्यवस्थापनात बंदरावरची आणि मोहल्ल्यातली एकेक व्यक्ती घ्या. विनाअनुदानित शाळेला व्यवस्थापन समितीची सक्ती नाही, म्हणून ते कोणी तुमच्याकडून करून घेणार नाही, तुम्हालाच करावं लागेल. पुढची नेमणूक निघेल तेव्हा त्या वाड्यांतली बीएड झालेली मुलगी शोधा. सध्या तिथून फक्त सफाईची मावशी येते, असं असेल तर मुलं त्यातून काय शिकतात याचा विचार करा.

फेसबुकची जाहिरात करायची तर करा, पण ती आत्ता जे येतात त्यांच्यासारख्यांनाच आणखी आणेल.

एका वहीत वाडीवार आणि मुलगा-मुलगी वेगळे असे पाच आकडे ठेवा: चौकशी किती, शाळा बघायला किती आले, फॉर्म किती भरले, ३० सप्टेंबरला हजर किती, दिवाळीनंतर हजर किती. चौकशी बारा आणि फॉर्म दोन असले तर फॉर्म किंवा फी आडवी येतेय. फॉर्म सहा आणि दिवाळीनंतर तीन असले तर वर्गात काहीतरी चुकतंय. चौकशीच शून्य असेल तर तुम्ही त्या वाडीत गेलेलाच नाहीत. पहिल्या वर्षी ३४ चे ४२ झाले आणि दिवाळीनंतर ४१ राहिले, तर ते ६० भरून ४५ उरण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

शेवटी मुक्त विद्यालयाचं. शाळाच तिकडे नेऊ नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी मान्य आहे, मराठीतून देता येते, पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते. पण ज्या पालकांना टक्के आणि बोर्ड कळतं त्यांच्यासाठी ती अनोळखी आहे, आणि अकरावीला जाताना स्थलांतर प्रमाणपत्राची धावपळ असते. ती वाट शाळा सुटलेल्या मोठ्या मुलांसाठी वापरा. आठवी-नववीत शाळा सोडून होडीवर खलाशी झालेले पंधरा ते अठरा वयाचे मुलगे प्रत्येक बंदरावर आहेत. बंदीच्या दोन महिन्यांत ते रिकामे असतात. जून-जुलैत संध्याकाळी सात ते नऊ, आठवड्याचे पाच दिवस गणित, मराठी, इंग्रजीचा वर्ग लावा आणि त्यांना मुक्त विद्यालयाला किंवा राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मने (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म) बसवा. दोन्हींच्या मुदती त्या वर्षी बघून ठेवा, कारण खाजगी विद्यार्थ्यांचे फॉर्म नियमित मुलांच्या आधी बंद होतात. ऑगस्टपासून ते समुद्रावर जाणार, तेव्हा अभ्यासाचे सुटे कागद आणि फोनवर ऐकता येतील असे धडे तयार ठेवा, आणि होड्या बंदराला असतील त्या दिवशी एक तास. हा वर्ग पटावर दिसणार नाही. पण त्यातल्या प्रत्येकाची धाकटी बहीण सातवीत आहे, आणि तिची शाळा ठरवताना त्या घरात तुमच्या शाळेचं नाव निघेल.

— सदर संपादक मंडळ